मायक्रोबाई

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी बाई त्यावर दोन बोटांनी टकटक करायच्या. आत कोण असणार? प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये, गुलाबी पाण्यात बुडालेल्या पेशी. त्यांना ना कान, ना दाराची फिकीर. तरी बाई टकटक करायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग दार उघडायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, यंत्रात बिघाड असेल, ठोकल्याशिवाय उघडत नसेल. म्हणून मीही ठोकू लागले, जरा जोरातच. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अगं, हळू. कुणाच्या घरात शिरताना आपण आवाज देतो ना, तेवढंच."

त्यांना सगळे मायक्रोबाई म्हणत. हे नाव प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या चौकीदाराने ठेवलेलं. बाई काय काम करतात असं कोणी विचारलं की 'मायक्रो-आरएनए' हा शब्द त्याच्या जिभेवर अर्धाच टिकायचा. त्यात बाई अंगाने लहानखुऱ्या, एप्रनच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या, त्यामुळे नाव चिकटलंच. एकदा एक गृहस्थ घरचा मायक्रोवेव्ह रिक्षात घालून घेऊन आले होते, दुरुस्तीला. बाईंनी तो उघडून पाहिला, फ्यूज गेल्याचं सांगितलं आणि सावंगीच्या चौकातल्या दुकानाचा पत्ता दिला. हसल्या नाहीत. त्या फार कमी हसत.

मी वडनेरची. हिंगणघाटच्या पुढे, हायवेला लागून गाव आहे. बाबांचं जनरल स्टोअर्स. एम.एस्सी. झाल्यावर वर्ध्याजवळ सावंगीच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली, मी अर्ज केला आणि बाईंनी मला घेतलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "रविवारी यायची तयारी आहे का? पेशींना रविवार नसतो." मी हो म्हटलं. हे काम मला का हवं होतं, ते मात्र मी सांगितलं नाही.

कारण होता माझा मोठा भाऊ, नितीनदादा. शाळेत असल्यापासून दिवेलागणीला तो ठेचकाळायचा. मग कडेचं दिसेनासं झालं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यातल्या उजेड पकडणाऱ्या पेशी एकेक करून मरत चालल्या आहेत, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर औषध नाही, असंही सांगितलं होतं. तिशीला आला तोवर त्याच्या डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. उजव्या डोळ्यात मध्यभागी एक भोक उरलं होतं. "पपईच्या देठातून पाह्यल्यासारखं दिसते," तो म्हणायचा. त्या भोकातून तो रोज सकाळी दुकानात बसून बाबांना पेपर वाचून दाखवायचा. मान हळूहळू सरकवत, एकेक शब्द पकडत. एका बातमीला पाव तास लागायचा. बाबांना स्वतःला वाचता येत होतं. तरी ते कधी मध्ये बोलले नाहीत.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. पाठ्यपुस्तकातली वाक्यं त्या कधी बोलल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि म्हणाल्या, "ही मूळपेशी. दहावी झालेल्या पोरासारखी. काहीही होऊ शकते, म्हणून सध्या काहीच नाही." या पेशी एका माणसाच्या कातडीच्या पेशींना मागे मागे नेऊन तयार केलेल्या होत्या. त्यांना आता पुढे आणायचं होतं, पण कातडीकडे नाही, डोळ्याच्या पडद्याकडे. "पेशीत जनुकाकडून चिठ्ठ्या निघत असतात," बाई सांगत होत्या, "हे तयार करा, ते तयार करा. मायक्रो-आरएनए म्हणजे एवढासा तुकडा. तो वाटेत चिठ्ठी धरून ठेवतो. चिठ्ठी पोचली नाही की ते काम होत नाही. अशा नको त्या चिठ्ठ्या अडल्या, की पेशी मुकाट्याने पडद्याची होते. पेशीला हो म्हणणारे पुष्कळ आहेत गं. वेळेवर नाही म्हणणारे हे एवढेच."

या तुकड्यांना नावं नसतात, नंबर असतात. बाईंचे तीन नंबर होते: एकशे ब्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी आणि शहाण्णव. तिघं शेजारी शेजारी राहतात आणि उजेड पकडणाऱ्या पेशींत भरपूर सापडतात. हे तिघं बाहेरून, एकत्र आणि नेमक्या दिवशी दिले, तर तशा पेशी जास्त तयार होतील का? एवढाच बाईंचा प्रश्न होता. त्यासाठी मूळपेशींचे बारीक गोळे करून ते महिनोन्‌महिने वाढवायचे. गोळा कडेने वळतो आणि त्याची इवलीशी वाटी होते, पोटातल्या बाळाच्या डोळ्याची होते तशी. त्या वाट्या खसखशीच्या दाण्यांपेक्षा फार मोठ्या नसायच्या. दिवसाआड त्यांचं पाणी बदलायचं आणि ठरलेल्या वेळी, असं तीनदा, डोस द्यायचा. डोस अर्धा दिवस आधी दिला तर पेशी गोंधळणार, अर्धा दिवस उशिरा दिला तर तिचं ठरून गेलेलं असणार.

बाई मूळच्या आर्वीच्या. पुष्कळ वर्षं बाहेर काढून परत आल्या होत्या आणि पवनारला धाम नदीपासून जवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन एकट्या राहत होत्या. सकाळची वर्ध्याची बस, तिथून सावंगीचा ऑटो. प्रयोगशाळेत त्या नीट पुस्तकी मराठी बोलत, पण चिडल्या की आर्वी बाहेर यायची. माझ्या हातून पिपेट निसटलं तर म्हणायच्या, "काऊन गं, हात काऊन थरथरून राह्यला तुहा?" मला ते ऐकून घरी असल्यासारखं वाटायचं. त्यांचं लग्न झालं होतं का, घरचं कोण होतं, मला कधी नीट कळलं नाही. पुण्यात एक भाचा आहे एवढंच एकदा बोलण्यात आलं.

दुपारी त्या खिडकीजवळ बसून डबा खायच्या. ज्वारीची भाकरी, काहीतरी कोरडी भाजी, मिरचीचा ठेचा. समोर पार्किंग. त्या एकेका गाडीकडे पाहत जेवायच्या, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. मी एकदा विचारलं, "बाई, कुणी यायचंय का?" त्या दचकल्या. "नाही. डोळे कुठेतरी ठेवायचे म्हणून ठेवले." त्यानंतर मी माझा डबा घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. त्या फार बोलायच्या नाहीत, पण ठेच्याची डबी मध्ये सरकवायच्या.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला वेडेपणाची वाटायची. वहीत रोज लिहायचंच. काही घडलं नाही तरी तारीख टाकून लिहायचं, 'आज काही नाही.' दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी घरी होते. परतल्यावर वही पाहिली, तर त्या दिवसाखाली बाईंच्या अक्षरात तेच, 'पाणी बदललं. आज काही नाही.' चौकीदाराने मागाहून सांगितलं, की त्या दिवशी बाई दुपारी आल्या होत्या, त्याच्यासाठी चिवडा आणला होता आणि अंधार पडायच्या आत निघून गेल्या. अशा 'आज काही नाही'च्या ओळी मी एकदा चाळायला घेतल्या. पानंच्या पानं होती.

मी लागले त्याच्या पुढच्या वर्षी एक पत्रकार आला. बाईंनी त्याला तासभर सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'सावंगीत तयार होत आहेत डोळे.' आणि लोक येऊ लागले. कारंज्याहून, समुद्रपूरहून, पार यवतमाळकडून. कोणी म्हाताऱ्या आईला धरून, कोणी स्वतःच चाचपडत. बाई दारातच उभ्या राहून सांगायच्या, "डोळे तयार होत नाहीत. पेशी होतात, त्याही ताटलीत. माणसात घालण्यासारखं अजून काही नाही." दिवसातून चार-पाच वेळा तेच. आधी त्या बसून बोलायच्या. मग उभ्याने बोलू लागल्या. शेवटी शेवटी तर दाराची कडी एका हातात धरूनच बोलायच्या.

तो पेपर वडनेरलाही पोचला होता. दादाने तो स्वतः वाचला होता, एकेक शब्द. एका शनिवारी बाबा त्याला घेऊन सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी आले. मी बाईंना म्हटलं, "बाई, हा माझा भाऊ." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हे काम का धरलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

दादा म्हणाला, "बाई, मले खरं सांगा. माह्यासाठी काई हाये का?"

"आज नाही."

"मंग कधी होईन?"

"मला माहीत नाही."

"दहा वर्सं?"

"माहीत नाही. खोटं सांगू शकत नाही तुम्हाला." बाईंचा हात कडीवर होता. आत डोस द्यायची वेळ झाली होती. "नागपूरला तपासणी चालू ठेवा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी बाबांना आणि दादाला बसस्टँडवर सोडायला गेले. बाबा बस सुटेपर्यंत धुमसत होते. "तुही बाई मानूस हाये का दगड? पोरगा येवढ्या दुरून आला, बस तरी म्हनाव!"

दोन-तीन महिन्यांनी एका नातेवाइकाने दादाला एका दूरच्या शहरातल्या दवाखान्याचा नंबर दिला. तिथे म्हणे पोटाच्या चरबीतून मूळपेशी काढून त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शनने देतात. महिनाभरात दिसायला लागतं. दादाने मला फोन केला, "वैशू, तू त्याच लाइनीत हायेस. तुले काय वाटते?"

मला माहीत होतं. चरबीतून काढलेली पेशी डोळ्यात टाकली म्हणून पडद्याची होत नाही. तिला पडद्याची करायला महिने लागतात, हे मी रोज पाहत होते. तरीही मी म्हटलं, "पाहू या ना दादा. चौकशी कर." बाईंना मी एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. म्हणूनच नाही सांगितलं.

दादा त्या दवाखान्यात गेला आणि तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन उजव्या डोळ्यात दिलं, जास्त आशा ज्या डोळ्याची होती त्यात. दादा परत आला तेव्हा खुशीत होता. आठव्या दिवशी दुखू लागलं. मग खालून काळं पाणी चढल्यासारखं भोक भरत गेलं. नागपूरला नेलं तोवर पडदा सुटून गोळा झाला होता. ऑपरेशन झालं, डोळा राहिला, नजर नाही. मी सुट्टी टाकून वडनेरला जाऊन बसले. सकाळी पेपर यायचा आणि काउंटरवर तसाच पडून राहायचा. बाबा तो उघडत नसत.

वडनेरला आल्यावर बारा-तेरा दिवसांनी मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोणता डोळा?"

"उजवा."

फोन बंद झाला. मला वाटलं, माझी नोकरी गेली. आणि ते बरोबरच आहे, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मे महिन्याचं ऊन. अकराच्या सुमारास दुकानासमोर एसटी थांबली आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेल्या बाई खाली उतरल्या. पवनारहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर. मी त्यांना कधी प्रयोगशाळेच्या बाहेर पाहिलंच नव्हतं. तिथल्यापेक्षाही लहान दिसत होत्या. बाबांनी त्यांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. आईने पाणी दिलं. बाई आतल्या खोलीत दादाच्या खाटेजवळ खाली चटईवर बसल्या.

"मी सावंगीची बाई," त्या म्हणाल्या.

"वयखलं आवाजावरून," दादा म्हणाला.

"मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. ते खरंच होतं, आजही खरं आहे." बाई थांबत थांबत बोलत होत्या. "पण नाही म्हणून मी दार लावून घेतलं. त्याचं वाईट वाटतं मला."

दादा वरच्या पंख्याकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "तुमी खोटं नाई बोलल्या, बाई. पन खरं आयकून मानूस घरी जाते, आन् मंग घरी एकटाच बसते. त्या दवाखान्यातली पोरगी मले रोज फोन करे. जेवले का इचारे. आज उन्ह लय हाय, बाहेर नका जाऊ म्हने. मले मालूम होतं का तिचं कामच हाये थे. तरी मी वाट पाहो."

बाईंनी डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. त्या फक्त होकारार्थी मान हलवत राहिल्या, जणू तो पाहत होता. मी दारात उभी होते. मला दोघांशीही बोलायचं होतं आणि दोघांशीही बोलायला तोंड नव्हतं. जाताना बाई मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारी ये. घरी बसून त्याला बरं वाटणार नाही आणि तुलाही."

सोमवारी मी गेले. इन्क्युबेटरमधल्या वरच्या कप्प्यातल्या ताटल्या रिकाम्या, धुवायला काढलेल्या. तीन महिने वाढवलेल्या वाट्या होत्या त्या. दुसरा डोस रविवारी सकाळी द्यायचा होता, मी सुट्टीवर होते, दुसरं कोणी नव्हतं. वही उघडली. 'दुसरा डोस दिला नाही. वडनेरला गेले. तुकडी बाद.' पुढे एक शब्द नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "नव्याने लावू. गोळे करायला घे."

आपण ओळखत होतो ते माणूस नंतर थोडं बदललेलं दिसलं, की आपल्यालाच परकं वाटतं. बाई दर रविवारी दादाला फोन करू लागल्या. माझ्याशी दिवसभरात दहा वाक्यं बोलणाऱ्या बाई त्याच्याशी अर्धा-अर्धा तास बोलायच्या. पेशींबद्दलच. आज वाटीची कड वळली, आज एका ताटलीत बुरशी आली, आज काही नाही. दादाला तिन्ही नंबर पाठ झाले. दुकानात बसून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "शहान्नव अजून येकट्यानं काम करून नाई राह्यला, त्याले दोघं भाऊ लागतात." लोक समजायचे, हा मटक्याचे आकडे लावतो. दाराशी येणाऱ्या लोकांसाठीही बाईंनी कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या आणि पाण्याची सुरई ठेवली. उत्तर तेच असायचं, "आज नाही." पण आता त्या बसून सांगायच्या, आणि समोरचा उठेपर्यंत उठत नसत. मला खरं सांगायचं तर दादाचा हेवा वाटायचा. अपराध माझा होता आणि बाईंची सोबत त्याला मिळत होती.

पुढल्या वर्षी नवी तुकडी त्या टप्प्याला आली. तिन्ही डोस वेळेवर पडले. मग आणखी कित्येक आठवडे पाणी बदलणं. एका दुपारी बाईंनी मला हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकासमोरून उठल्या. मी पाहिलं. वाटीच्या बाहेरच्या कडेला बारीक झालर फुटली होती, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. उजेड पकडणाऱ्या पेशींना येते ती. डोस न दिलेल्या वाट्यांत तुरळक होती, दिलेल्यांत दाट. बाईंनी तिथूनच दादाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नितीन, झालर आली."

पलीकडे दुकानातला गलबला ऐकू येत होता. दादाने विचारलं, "त्याईले उजेड दिसते का आता?"

"नाही रे. उजेड पडला तर आत काहीतरी हलतं, पण दिसत नाही. दिसायला तिच्या शेजारी दुसरी पेशी लागते, तिच्या शेजारी तिसरी, अशी थेट मेंदूपर्यंत. एकट्या पेशीला काही दिसत नसतं."

"मंग अजून लय दूर हाये."

"लय दूर," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'लय' मी चिडण्याशिवाय पहिल्यांदाच ऐकलं. दोघंही हसले. त्या दिवशी वहीत बाईंनी दोन पानं लिहिली.

त्या कामाचा एक छोटा लेख छापून आला. तोवर बाईंची निवृत्ती आली होती आणि प्रोजेक्टची मुदतही सरली होती. गोठवलेल्या पेशी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने घ्यायचं ठरलं आणि पेशींबरोबर मलाही. बाईंनीच पत्र लिहिलं होतं, मला न सांगता. वर्धा स्टेशनवर त्या सोडायला आल्या. गोठवलेल्या पेशींचं, नायट्रोजन भरलेलं भांडं आधीच गाडीने रवाना झालं होतं. माझ्या हातात फक्त एक बॅग होती. फलाटावर उभ्याउभ्या त्या मला वाट्यांचं पाणी बदलण्याबद्दल सांगत राहिल्या, मला सगळं येत होतं तरी. गाडी आली तेव्हा म्हणाल्या, "जाजो नीट." आणि मी डब्यात चढायच्या आतच वळून चालू लागल्या. मी दारातून पाहत होते. गर्दीत त्या लगेच दिसेनाशा झाल्या.

हैदराबादला गेल्यावर मी त्यांना आधी दर आठवड्याला फोन करायचे, मग महिन्याला. "काही विशेष?" त्या विचारायच्या. मी कामाचं सांगायचे. त्यांना विचारलं की म्हणायच्या, "माझं काय, नदीपर्यंत जाते, येते." त्या दोन खोल्यांत त्यांचा दिवस कसा जात असेल, याचा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो झटकून टाकायचे. पेशींचं पाणी बदलायचं असायचं.

गेल्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी बाई उठल्या नाहीत. घरमालकिणीने दार वाजवून पाहिलं, मग शेजाऱ्याला बोलावून उघडलं. कोणाला कळवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बाईंचा मोबाइल पाहिला. शेवटचा फोन आदल्या दिवशीचा, दादाला. म्हणून सगळ्यांत आधी तिने वडनेरला कळवलं. पुण्याचा भाचा दुपारच्या विमानाने नागपूरला उतरून पोचणार होता, त्यामुळे अंत्यविधीला पाचची वेळ ठरली.

मला हे कळलं चार वाजता. पेशींच्या खोलीत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये होता. बाहेर येऊन पाहते तर दादाचे नऊ फोन. हैदराबादहून एका तासात पवनारला पोचायची काही सोय नाही. मी लॉकरपाशी बाकावर बसून राहिले. येणारेजाणारे विचारत होते, काय झालं. नातं काय सांगायचं? माझ्या मॅडम? माझ्या बाई? शेवटी "आमच्या गावाकडचं कोणी वारलं" असं सांगितलं.

घरी परतल्यावर दादाने पुन्हा फोन केला. तो आणि बाबा गेले होते. बाबाच त्याला घेऊन गेले, तीन बसा बदलून.

"कोण कोण होतं?" मी विचारलं.

"आपल्या सावंगीचा चौकीदार, घरमालकीन आन् तिचा नवरा, भाचा, आजूबाजूचे. समदे मिळून अकरा. मी मोजले आवाजावरून. दोघं बोललेच नाईत, त्याईले खोकल्यावरून धरलं."

"अकराच?"

"अकराच. खांदा बदलाले मानसं पुरे नोते, त बाबा पुढं झाले. धाम नदीपर्यंत बाबानं खांदा सोडला नाई. त्याचा गुडघा दुखते, तुले मालूम हाये."

बाबा? मी ओढणीने डोळे पुसले. मागे घरात आई भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"तू रडू नको," तो म्हणाला. "मानसं कमी होते, वैशू. पन सरन इझेपर्यंत समदे बसून होते. कोनालेच जायची घाई नोती."